हिरव्या शिट्टीचा अंमल

मर्विन ट्रेलोअरने उभ्या आयुष्यात एकदाच नियम मोडला, आणि तो नियमही त्याचा स्वतःचाच होता.

झालं असं, की त्याच्या बायकोचा, बेरिलचा, खुबा ॲडलेडच्या इस्पितळात बदलून झाला आणि शुक्रवारी तिथल्या बाईंचा फोन आला.

"घराला पायऱ्या किती?"

"तीन."

"रॅम्प आहे?"

"नाही."

"मग गुरुवारी दहा वाजता त्यांना घरी सोडता यायचं नाही. रॅम्प बांधा, कौन्सिलकडून पास करून घ्या आणि तो कागद घेऊन या. नाहीतर तीन आठवडे त्यांना शुश्रूषागृहात ठेवू. छान जागा आहे हो. काचेच्या टाकीत मासे आहेत."

मर्विनने फोन ठेवला. बेरिलला इस्पितळात जाऊन बारा दिवस झाले होते. बारा दिवस तो डब्यातले बीन्स टोस्टवर ओतून खात होता, आणि कपडे धुण्याच्या यंत्राने त्याचे सगळे सदरे एकाच फिकट निळ्या रंगाचे करून टाकले होते. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात इतके दिवस वेगळं राहण्याची ही पहिलीच वेळ. त्यात आणखी तीन आठवडे, आणि वर मासे!

रॅम्प म्हणजे त्याच्या हातचा मळ, असं कुणालाही वाटलं असतं. पोर्ट हॅलोरनच्या कौन्सिलात तो सत्तावीस वर्षं बांधकाम तपासनीस होता. गावात अशी शेड नव्हती जिची उंची त्याने मोजली नव्हती, आणि असा माणूस नव्हता ज्याला त्याने निदान एकदा "हे पाडावं लागेल" म्हटलं नव्हतं. आता व्हरांडा जमिनीपासून एक्कावन्न सेंटिमीटर. पन्नासच्या वर काहीही बांधायचं तर कौन्सिलची परवानगी लागते. हा पन्नासाचा आकडा कुणी ठरवला? मर्विनने. एका सेंटिमीटरने आपलेच दात आपल्याच ओठांवर आले.

सोमवारी तो कौन्सिलात गेला. खिडकीमागच्या तरुण मुलीने त्याला अर्ज दिला. चार पानी अर्ज, तोही त्यानेच तयार केलेला. तिसऱ्या पानावर रकाना होता: शेजाऱ्याची हरकत नसल्याची सही.

"हा रकाना वगळता येईल का?" मर्विनने विचारलं.

"नाही मिस्टर ट्रेलोअर. तळटीप आहे ना. 'हा रकाना कोणत्याही परिस्थितीत वगळता येणार नाही.'"

"तळटीप कुणी घातली ते माहीत आहे मला," मर्विन म्हणाला आणि बाहेर पडला.

शेजारी म्हणजे डार्सी पॅस्को. नऊ वर्षांपूर्वी डार्सीने गाडीसाठी छप्पर बांधलं होतं. मर्विनने मोजलं तर ते हद्दीच्या पलीकडे अकरा सेंटिमीटर आलेलं. पाडलं. तेव्हापासून डार्सीची गाडी भर उन्हात, बरोबर मर्विनच्या खिडकीसमोर उभी असते, आणि दोघांमधलं संभाषण कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा एवढ्यापुरतं उरलं आहे.

डार्सीने अर्ज घेतला, चष्मा शोधला, चहा संपवला आणि चारही पानं वाचली. मर्विन दारात उभा.

"एक्कावन्न सेंटिमीटर," डार्सी म्हणाला. "अरेरे. एकाने गेलं रे!"

"सही करतोस का?"

"करतो ना. बेरिलसाठी करतो." त्याने सही केली. "पण ऐक. चौदास एकचा उतार म्हणजे सात मीटरच्या वर जाईल तुझा रॅम्प. अंगण तुझं साडेपाच मीटर. मध्येच वळव, काटकोनात."

सल्ला अचूक होता आणि म्हणूनच तो घेणं मर्विनला शक्य नव्हतं. तसे सल्ले फुकटच मिळत होते. बोलिंग क्लबातल्या मंडळींनी सांगितलं, जुनं दार काढ आणि पायऱ्यांवर टाक. बेकरीवाली नोलीन मांसाची करंजी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मागच्या दाराने ने की तिला!" मागच्या दाराला चार पायऱ्या होत्या. टपाल टाकणाऱ्या बाईने तर घरच विका म्हणून सांगितलं.

मर्विनने रात्रभर हिशेब मांडला. चौदास एक, म्हणजे चौदा सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ, हा त्याचाच नियम धरला तर रॅम्प फाटक ओलांडून रस्त्यावर जातो. वळवला तर डार्सीचं ऐकल्यासारखं होतं. दहास एक धरलं तर बरोबर अंगणात बसतो. सत्तावीस वर्षांत त्याने दहास एकचे किती रॅम्प नापास केले असतील! पण बेरिल गुरुवारी येणार होती, आणि माणूस प्रेमात पडला की वीस वर्षांचा असो की अडुसष्टचा, हिशेब सुटेना तर उतारच बदलतो.

बुधवारी सकाळी अकराला रॅम्प तयार झाला. त्यावर राखाडी रंगाचा एक हातही मारला. आता चाचणी. वाळूची पोती ठेवून बघता आलं असतं, पण पोती काही बोलत नाहीत, म्हणून बोलिंग क्लबातून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत तो स्वतःच बसला. तोंड फाटकाकडे. डावा ब्रेक ढिला होता हे त्याला ठाऊक होतं. रंग ओला होता हेही. दोन्ही एकाच वेळी खरं असलं तर काय होईल, एवढाच विचार राहून गेला.

खुर्ची निघाली ती थेट फाटकावरच थांबली. मर्विन मात्र थांबला नाही. तो फाटकावर खांद्याने आपटला, मागे कलंडला आणि लिंबाच्या झाडाखाली रंगाच्या डब्यावर पडला. उजवा हात भलत्याच दिशेला लोंबत होता. ओरडावंसं वाटलं, पण समोरून टपालवाली बाई येत होती.

कुंपणावरून डार्सीचं डोकं वर आलं.

"मेलास का?"

"नाही."

"हलू नकोस. ॲम्ब्युलन्स बोलावतो."

मर्विनने डोळे मिटले. गावातली ॲम्ब्युलन्स गावचेच लोक हौसेने चालवतात, शिकून, परीक्षा देऊन, पाळीपाळीने. "आज पाळी कुणाची आहे?" त्याने विचारलं.

"माझीच," डार्सी म्हणाला आणि कपडे बदलायला आत गेला.

सहाव्या मिनिटाला ॲम्ब्युलन्स फाटकाशी होती. डार्सी गणवेशात, आणि त्याच्याबरोबर नोलीन, तीही गणवेशात, कोपरावर अजून पीठ. तिने खांद्याकडे एकदाच बघितलं.

"निखळलाय. जोर लावू नकोस हं, राजा."

अडुसष्ट वर्षांच्या निवृत्त तपासनिसाला चारचौघांत राजा म्हणावं, आणि त्या राजाची विजार राखाडी रंगाने माखलेली असावी! पण तिचे हात हलके होते. तिने विचारपूस सुरू केली. मूत्रपिंडाचं काही दुखणं? यकृताचं? भूल दिल्यावर घरातल्या कुणाला कधी त्रास?

"नाही, नाही आणि नाही. पण सगळे रकाने भर. नुसत्या रेघा ओढू नकोस," मर्विन दात आवळून म्हणाला.

नोलीनने एक चिमुकली बाटली फोडली आणि बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या हिरव्या नळीत ओतली. गावात तिला हिरवी शिट्टी म्हणतात. वाजत मात्र नाही. नळीची दोरी तिने त्याच्या डाव्या मनगटात अडकवली.

"ओठांत धर आणि हळू ओढ. श्वास बाहेरही नळीतच सोड, नाहीतर ड्रायव्हरला चढेल."

"ड्रायव्हर मी आहे," डार्सीने आठवण करून दिली.

"किती वेळ टिकतो याचा अंमल?" मर्विनने विचारलं.

"सलग ओढलीस तर वीस-पंचवीस मिनिटं. थांबत थांबत ओढलीस तर तासभरही पुरते."

"वीस की पंचवीस?"

"मर्विन, तोंडात धर."

"आणि उतरायला किती वेळ?"

"ओढणं बंद केलंस की पाचेक मिनिटांत बराचसा उतरतो. डोकं जड राहील थोडं. आता धरतोस, की मी कोंबू?"

त्याने धरली. टोपलीच्या तळाशी राहून गेलेल्या फळासारखा वास आला. पहिल्या श्वासाला ठसका लागला. घड्याळात अकरा एकतीस. चौथ्या श्वासाला अकरा बत्तीस. आठव्या श्वासाला त्याचा घड्याळातला रस संपला. दुखणं गेलं असं नाही, ते फक्त शेजारच्या घरी राहायला गेलं. भिंतीपलीकडून त्याचं ओरडणं ऐकू येत होतं, पण ते कुणा परक्याचं भांडण असावं तसं.

पुढची पंचेचाळीस मिनिटं मर्विनच्या आठवणीत नाहीत. नोलीनच्या आहेत, म्हणून आपल्याला कळतात.

स्ट्रेचरवर घेताना त्याने आधी लिंबाच्या झाडाचं अभिनंदन केलं. हद्दीपासून योग्य अंतर राखून वाढलेलं गावातलं हे एकमेव झाड, असं तो म्हणाला. मग टपालवाल्या बाईला, तिची टोपी नियमात बसते, अशी हमी दिली. गाडी हमरस्त्याला लागली. मोठं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर. मर्विनने शिट्टी तोंडातून काढली.

"नोलीन, बेरिलला सहा आठवडे वाकता यायचं नाही."

"हो रे. ओढ तू."

"मग तिचे केस कसे धुवायचे? ती बेसिनवर वाकून धुते. मला कुणी शिकवलेलं नाही. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून काय करतात?"

"कपाळावर टॉवेलची घडी धरायची. मी दाखवीन तुला."

"त्या लोकांकडे मासे आहेत म्हणे." त्याचे डोळे भरून आले. "मला मासे नकोत गं. रात्री मी तिच्या बाजूला उशी ठेवतो, म्हणजे पलंग रिकामा वाटत नाही. उशी घोरत नाही, नोलीन! बेरिल घोरते. इतकं छान घोरते ती!"

नोलीनने त्याचं नाक पुसलं आणि शिट्टी परत तोंडात दिली. त्याने दोन श्वास घेतले आणि ती पुन्हा काढली.

"गाडी कोण चालवतंय?"

"डार्सी."

"डार्सी!" त्याने पुढे हाक मारली. "तुझं छप्पर बरोबर होतं! मी हद्दीच्या चुकीच्या खुंटीपासून मोजलं. जुनी खुंटी होती ती, सर्वे करणाऱ्यांकडून काढायची राहिलेली. दोन वर्षांनी मला कळलं. त्या अकरा सेंटिमीटरची चूक माझी होती, डार्सी! सांगायला आलो होतो मी. दारापर्यंत आलो होतो, आणि कचऱ्याच्या डब्याचं विचारून परत गेलो."

गाडी जराशी डगमगली आणि सरळ झाली. मग डार्सी म्हणाला, "त्याला म्हणावं, शिट्टी ओढ."

एवढ्या बोलण्यामुळे एक फायदा मात्र झाला. बोलायला म्हणून तो घडोघडी ती तोंडातून काढत होता, त्यामुळे एकच शिट्टी इस्पितळाच्या दारापर्यंत पुरली. ती संपली आणि चार-पाच मिनिटांत भिंतीपलीकडचं दुखणं सामानसुमानासकट परत राहायला आलं. मर्विनने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा पट्टा नीट लावलेला नाही."

"आला परत," नोलीन म्हणाली.

डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, हात झोळीत अडकवला आणि तीन तास पडून राहायला सांगितलं. मग नर्सने त्याच्या हातात एक कागद दिला. चोवीस तास गाडी चालवायची नाही, यंत्राला हात लावायचा नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. हाताच्या झोळीपायी तर गाडी कित्येक आठवडे बंद.

मर्विनने तो दोनदा वाचला. "चोवीस तास पहिल्या श्वासापासून, की शेवटच्या?"

नर्सला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. "शेवटच्या धरा," ती म्हणाली. शेवटचा श्वास बारा वाजून सोळा मिनिटांचा, असं नोलीनच्या कागदावर होतं. तिने सगळे रकाने भरले होते.

परत न्यायला नोलीनच आली, बेकरीची गाडी घेऊन. मर्विनला किंचित गरगरत होतं, तोंडात अजून त्या फळाची चव होती, आणि मनात खांद्याहून मोठं दुखणं सुरू झालं होतं.

"मी काही बोललो का गं?"

"लिंबाच्या झाडाबद्दल बोललास."

"आणि?"

"आणि काय! चांगलं झाड आहे."

त्याला ते पटलं नाही, कारण औषधाच्या दुकानाशी गाडी थांबली तेव्हा दुकानदार स्वतः बाहेर आला. या माणसाचं गच्चीचं बांधकाम मर्विनने तीनदा नापास केलं होतं. त्याने हवा भरायचं एक रबरी घमेलं खिडकीतून आत दिलं. "मानेखाली बसतं बरोबर. बेरिलचे पडल्या पडल्याच केस धुता येतील," तो हळुवारपणे म्हणाला, आणि मर्विनचा डावा हात दाबून आत गेला.

"याला काय झालंय?" मर्विनने विचारलं.

"सज्जन आहे तो," नोलीन रस्त्याकडे बघत म्हणाली.

माणसाचा अपमान झाला तर त्याला निदान भांडता तरी येतं. इथे सगळं गाव त्याच्याशी चांगलं वागत होतं आणि का, ते कुणी सांगत नव्हतं.

घरी पोचला तर अंगणात बोलिंग क्लबातली चार माणसं, दोन करवती आणि तोंडात खिळे धरलेला डार्सी. ॲम्ब्युलन्स परत आणून लावल्यापासून ते कामाला लागले होते. मर्विनचा रॅम्प उखडून एका बाजूला रचलेला होता. त्या जागी नवा रॅम्प, व्हरांड्यापासून निघून मध्ये काटकोनात वळलेला, वळणावर ऐसपैस सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे.

मर्विनने काही म्हणायला तोंड उघडलं. मग नुसतंच "उतार?" असं विचारलं.

"चौदास एक. तू झोप जाऊन."

पाच वाजता कौन्सिलची मुलगी फीत घेऊन आली. तिने मोजलं, पुन्हा मोजलं, पास म्हणून शिक्का मारला आणि कागद मर्विनपुढे धरला. "इथे फक्त सही. आज दिलात तर आजचीच तारीख पडेल."

मर्विनच्या डाव्या हातात पेन, कागद समोर, आणि बेरिल त्या कागदापलीकडे. त्याने पेन खाली ठेवलं.

"मला उद्या बारा सोळापर्यंत सही करता येत नाही."

"उद्या दहाला बेरिलला घ्यायचंय ना!" नोलीन ओरडली. "कर की बाबा! कोण बघतंय?"

"मी बघतोय." मर्विन म्हणाला. "आज सकाळी मी एक नियम मोडला, तर हे असं झालं. या सहीवर बेरिल त्या रॅम्पवरून चालणार आहे. ती शुद्धीतल्या माणसाचीच हवी."

कौन्सिलच्या मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला. "मिस्टर ट्रेलोअर, इथे 'घरमालकाची' असं लिहिलेलंच नाही. 'बांधकाम करणाऱ्याची सही' असं आहे."

"तो मी," डार्सी म्हणाला. त्याने तोंडातले खिळे काढले, हात विजारीला पुसले आणि सही केली. या वेळी त्याने एकही ओळ वाचली नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला मर्विनच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे डार्सी बसला. त्या जागी आजवर मर्विनखेरीज कुणी बसलं नव्हतं. बार्लीची शेतं मागे पडत होती. पहिले साठ किलोमीटर मर्विन पावसाबद्दल बोलला. खांदा ठणकत होता, डोकं मात्र लख्ख होतं.

"डार्सी."

"हं."

"तुझ्या छपराचं. एक सांगायचंय."

डार्सीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "सांग."

सांगताना मर्विनच्या कपाळावर घाम आला. तो तीनदा अडला. खुंटीपर्यंत पोचला आणि पुन्हा मागे जाऊन सर्वेपासून सुरुवात केली. काल हेच त्याने चार वाक्यांत सांगून टाकलं होतं. आज त्याला वीस किलोमीटर लागले. डार्सीने सगळं ऐकून घेतलं, कालचं एका अक्षरानेही कळू दिलं नाही.

"कुठली खुंटी?" त्याने विचारलं.

"वायव्येची. जुनी."

"असं होय!" मग त्याचा आवाज बदलला. "नऊ वर्षं, मर्विन. गाडी उन्हात. तिचा रंग उडाला. जानेवारीत दार उघडताना हात भाजतो माझा. आणि सगळ्या गावात मी लबाड ठरलो."

"हो."

"आमच्या म्हाताऱ्या आईला वाटायचं मी मुद्दाम पुढे घेतलं. ती तसंच समजत देवाघरी गेली."

"हे मला माहीत नव्हतं." मर्विनने झोळीतल्या हाताकडे पाहिलं. "मी कौन्सिलला पत्र लिहितो. आजच, बारा सोळानंतर. चूक माझी होती असं. आणि तू पुन्हा बांध. मी स्वतः येऊन मोजून देतो."

"बांधीन," डार्सी म्हणाला. "पण मोजायला तू येऊ नकोस."

आणि मग कुठे दोघांना हसू आलं, ते इतकं की मर्विनला खांदा धरून कळवळावं लागलं आणि डार्सीला गाडी जरा कडेला घ्यावी लागली.

बेरिल इस्पितळाच्या दारात बॅग मांडीवर घेऊन बसली होती. तिने नवऱ्याची झोळी पाहिली, त्याचा फिकट निळा सदरा पाहिला, गाडी चालवणाऱ्या डार्सीला पाहिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. बारा सोळा वाजले तेव्हा ते अर्ध्या वाटेत होते.

रॅम्पवरून खुर्चीत बसून जायला ती तयार होईना. चालायच्या चौकटीला धरून निघाली. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. डार्सी मागे, मर्विन बाजूला, दोघेही हात न लावता. वळणावरच्या सपाट जागेत तिने श्वास घेतला.

"कुणाची कल्पना ही, मध्येच वळवायची?"

"डार्सीची," मर्विन म्हणाला.

"मला वाटलंच," बेरिल म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं.

संध्याकाळी नोलीन केसांचं दाखवून गेली. मर्विनने डाव्या हाताने तांब्या धरला, कपाळावर टॉवेलची घडी धरली, अर्धं पाणी स्वतःच्या मोज्यांत ओतलं. पण तिच्या डोळ्यांत थेंब जाऊ दिला नाही. मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि एका हाताने तिचे ओले पांढरे केस हळूहळू पुसत राहिला. पुसता पुसता खांद्यात कळ गेली आणि त्याचा हात मध्येच थांबला.

"दुखतंय का रे?" बेरिलने विचारलं.

मर्विनने खिडकीबाहेर पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखतंय गं."

बेरिल सावकाश, नवा खुबा सांभाळत भिंतीकडे सरकली आणि पलंगावर हात थोपटून त्याच्यापुरती जागा दाखवली.